सावरीचे केस

“घट्ट धरा, दाजी.”

“धरलंय.”

“तोंडाकडून धरा. मागून नको.”

दाजींनी हात पुढं सरकवला आणि सावरी त्यांना चावली.

फार नाही. अंगठ्याच्या बुडाशी दात लागले, रक्ताचा थेंब वर आला. सावरी त्यांच्या मांडीवरून उडी मारून धुण्याच्या दगडाखाली जाऊन बसली. दाजींनी नळ सोडून हात धुतला, आणि धुऊन झाल्यावरही तो पाण्याखाली तसाच धरून ठेवला. शेवटी मीच उठून नळ बंद केला. दुखतंय का, असं त्यांना विचारायला हवं होतं हे माझ्या लक्षात आलं, पण बऱ्याच वेळानं. तोवर विचारण्यात काही अर्थ उरला नव्हता.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. कऱ्हाडच्या पुढं एक साखर कारखाना आहे. माझे दाजी, दिनकर जगदाळे, तिथं केमिस्ट होते आणि कारखान्याच्या वसाहतीत बैठ्या क्वार्टरमध्ये राहायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, माणिकताईचे यजमान. वैशाख चालू होता. हंगाम संपलेला, त्यामुळे चिमणीला धूर नव्हता, रस्त्यावर बैलगाड्या नव्हत्या. दुपारच्या वेळी सगळी वसाहत गप असायची आणि कुठूनतरी मळीचा आंबूस वास येत राहायचा.

माणिकताई त्याआधी पौषात काविळीनं गेली होती. पोटुशी होती. त्याआधी तिची दोन बाळंतपणं अर्ध्यातच संपली होती, आणि त्यातल्या दुसऱ्यानंतर दाजींनी तिला हे पिल्लू आणून दिलं होतं. पांढरं पॉमेरियन. कारखान्याच्या आवारात सावरीचं झाड होतं, उन्हाळ्यात त्याचा कापूस वाऱ्यावर उडत घरात यायचा. हे पिल्लूही तसंच हलकं, नुसता कापसाचा पुंजका, म्हणून ताईनं त्याचं नाव सावरी ठेवलं. रोज संध्याकाळी अंगणात पाय पसरून ताई तिला विंचरायची. तिनं आपल्या केसांवर कधी एवढा वेळ घालवला नव्हता.

पौषानंतर सावरीला कुणी विंचरलं नव्हतं.

आदल्या दिवशी मी आणि दाजी तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो. तिनं खाणं सोडलं होतं, दिवसभर धापा टाकायची. तिथले डॉक्टर म्हशी-बैलांतले. त्यांनी तिला टेबलावर ठेवून केसांत बोटं घालायचा प्रयत्न केला, तर बोटं आत जाईनात.

“हे कुत्रं आहे का गोधडी?” ते म्हणाले. मग नाक जवळ नेऊन त्यांनी वास घेतला. “आत कातडी चिघळलीय. सगळे केस काढून टाका. या उन्हात असंच ठेवलं तर किडे पडतील, मग माझ्याकडं आणू नका.”

“इथं काढून मिळतील का?” दाजींनी विचारलं.

“इथं बैलाला नाल मारून मिळेल.” त्यांनी सावरी उचलून दाजींच्या हातात दिली. “आधी कोण विंचरायचं हिला?”

  डॉक्टरांनी आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मी तिथं राहायला आले त्याचं कारण असं की माझ्या शाळेला सुट्टी लागली होती. फलटणला मुलींच्या शाळेत मी शिकवत होते. सुट्टी लागल्याबरोबर आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “शालन, जाऊन राहा थोडे दिवस. अक्कांचे गुडघे धरलेत. तुझी मदत होईल.” अक्का म्हणजे दाजींची आई. मी म्हणाले, चालेल. त्या दिवसांत मी सगळ्यालाच चालेल म्हणत होते. कुणी विचारलं, आमटी आंबट झालीय का, तरी चालेल म्हणायचे. आईला वाटायचं मी फार समजूतदार झाले. मला मात्र कानांत बोळे घातल्यासारखं वाटायचं. माणसं बोलायची, त्यांचे ओठ हलायचे, आणि शब्द कुठल्यातरी लांबच्या खोलीतून यायचे.

तर, सावरी दगडाखाली बसली होती. डोळ्यांवर आलेल्या केसांची जट बांधली गेली होती, त्यामुळे तिला दिसत काहीच नसावं. नुसतं नाक आमच्याकडं वळवून ती गुरगुरत होती. मी तिला भाकरीचा तुकडा दाखवला. दाजींनी एकदा तिचं तोंड नाडीनं बांधून बघितलं, पण तिनं पंजानं ती ओढून काढली आणि आणखी आत सरकली. शेपटाकडचे थोडे केस तेवढे कापून झाले होते. ते ओट्याजवळ पडले होते, करडे पडलेले, त्यांत गोखरू अडकलेले.

अक्का मागच्या दारात येऊन बघत उभ्या होत्या.

“असं न्हाई गप बसायची ती,” त्या म्हणाल्या. “थांबा वाईच.”

त्या आत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ताईचा गाऊन होता. निळा, बारीक फुलाफुलांचा. माझ्यासमोरच तिनं तो कऱ्हाडच्या बाजारातून घेतला होता.

“ह्यो धुतल्याला न्हाई,” अक्का म्हणाल्या. “दवाखान्यात नेलं त्या दिवशी तिनं काढून ठिवल्याला, तसाच घडी करून ठिवलाय म्या. घाल. वासानं येतंय का बग ते कुत्रं.”

मी दाजींकडं बघितलं. ते अंगठ्यावरच्या चाव्याकडं बघत होते.

“घाल की,” अक्का म्हणाल्या. “अंगासरशी बसंल तुला. तुमी दोगी एका मापाच्या.”

“चालेल,” मी म्हणाले.

आत जाऊन मी तो माझ्या ड्रेसवरूनच घातला. गळ्याजवळ शिकेकाईचा वास होता, काखेत घामाचा. ताईचाच. मी तो ओळखला. ओळखला एवढंच, पुढं काही झालं नाही. मी बटणं लावली आणि बाहेर आले.

मी दगडाजवळ खाली बसले. आधी गुरगुर थांबली. मग सावरीचं नाक बाहेर आलं, हवेत हललं. मग ती सगळीच बाहेर आली, पोटानं सरपटत, आणि माझ्या मांडीशी पोचल्यावर तिच्या घशातून जो आवाज निघाला तसा आवाज मी कुत्र्याचा कधी ऐकला नव्हता. दार कुरकुरावं तसा बारीक, न थांबणारा. ती मांडीवर चढली, माझ्या काखेत तोंड खुपसलं, आणि सगळं अंग सैल सोडून पडून राहिली.

“म्हनलं न्हवतं?” अक्का म्हणाल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, पण त्या खूश झाल्या होत्या. “दिनकर, घे कात्री. आता ती हलायची न्हाई.”

तसंच झालं. आता धरणारी मी होते आणि कापणारे दाजी. कपड्याची मोठी कात्री तिथं कामाची नव्हती. दाजींनी आपली मिशीची बारीक कात्री आणली. कातडीला लागू नये म्हणून आधी जटेखालून कंगवा सरकवायचा आणि कंगव्याच्या वरून कापायचं. कंगवा जात नसेल तिथं खोबरेल सोडून बोटांनी मोकळं करायचं. दाजी प्रयोगशाळेतले माणूस, त्यांचा हात स्थिर होता. पाठीवरच्या जटा निघाल्या तेव्हा त्या एकमेकींना धरून सबंध निघाल्या, आणि खाली अंग दिसलं. गुलाबी, हडकुळं, ठिकठिकाणी लाल झालेलं. एवढंसं होतं ते कुत्रं. केसांत निम्मी जागा गेली होती.

सावरीच्या काखेत चट्टा पडला होता. दाजी थांबले.

“हे दुखेल तिला,” ते म्हणाले.

“मी धरलंय.”

“कंगवा नको इथं. केस बोटांनी वर घे. हां. आणखी थोडे.”

मी केस चिमटीत धरले. दाजींचं डोकं माझ्या मांडीवर वाकलेलं होतं, त्यांच्या भांगातला घाम मला दिसत होता. त्यांच्या केसांत मधूनमधून पांढरे आले होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी जखमेभोवतीचे केस कापले, अक्कांनी हळद-तेल दिलं, ते लावलं. सावरी एकदा थरथरली आणि माझ्या काखेत आणखी खोल गेली.

गोचिड्या निघत होत्या त्या अक्का वाटीतल्या रॉकेलमध्ये टाकत होत्या. हात चालू होता तसं त्यांचं तोंडही चालू होतं.

“उद्या आप्पा येत्यात. दिनकर, तू उद्या हापिसात जाऊ नगंस.”

“बरं.”

“भटजीस्नी बी सांगावा धाडलाय.”

“बरं.”

“लई गाजावाजा न्हाई करायचा. वर्साच्या आत उरकायचं, घरातल्या घरात. देवळात चार मानसं.” त्यांनी एक गोचिडी नखानं सोडवली. “शालन, तुला तिच्या बांगड्या व्हतील न्हवं गं?”

“होतील,” मी म्हणाले.

मी तिथं का राहायला आले होते ते असं. लपवाछपवी काहीच नव्हती. आप्पा आणि अक्का यांचं फाल्गुनातच बोलणं झालं होतं. जावई चांगला, नोकरी चांगली, माणूस निर्व्यसनी. त्याच्या घराला बाई पाहिजे, आणि आपली दुसरी मुलगी अजून बिनलग्नाची. आमच्याकडं अशी लग्नं होतात. माझ्या एका चुलतआत्याचं झालं होतं आणि ती सुखात नांदली. आप्पांनी मला विचारलं होतं. रागानं नाही, जबरदस्तीनं नाही, संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाल्यावर शांतपणे विचारलं होतं. “दिनकररावांचं घर तुला चालेल का, बाळ?” मी चालेल म्हणाले होते. आई तेव्हा खूप रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि उद्याच्या वर्गाचे पेपर तपासायचे राहिलेत, हे आठवून उठले.

दाजींशी याबाबत माझं एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं. त्या घरात आल्यापासून मी त्यांना ताट वाढत होते आणि ते जेवत होते.

“अंग झालं,” दाजी म्हणाले. “तोंड राहिलं.”

“डोळ्यांजवळ जपून.”

“तू तिची हनुवटी धर.”

मी सावरीचं तोंड काखेतून बाहेर काढून वर धरलं. तिनं काही केलं नाही. दाजींनी कात्रीच्या टोकानं जट थोडी थोडी करत कापली. आधी कपाळावरची, मग भुवईवरची. मग डाव्या डोळ्यावरची पट्टी निघाली. डोळ्यांतून पाणी गळून खाली काळे ओघळ झाले होते. मी गाऊनच्या बाहीनं ते पुसले. उजव्या डोळ्यावरची जटही निघाली.

सावरीनं डोळे मिचकावले. उन्हाचा त्रास झाला असावा. मग तिनं वर माझ्याकडं बघितलं.

मी तो क्षण उगाच वाढवून सांगत नाही, तो मोठा नव्हताच. तिनं माझा चेहरा बघितला. नाक पुढं करून गाऊनचा गळा हुंगला, मग पुन्हा चेहऱ्याकडं बघितलं. माझा हात हुंगला. मग ती माझ्या मांडीवरून खाली उतरली. चावली नाही, गुरगुरली नाही, पळालीही नाही. केस गेल्यामुळं तिला स्वतःचं अंग नवं झालं होतं, अडखळत चालत ती मागच्या दारातून घरात गेली. तिच्या नखांचा फरशीवरचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. स्वयंपाकघरात गेली. मग आतल्या खोलीत, तिथं जरा वेळ थांबली. मग न्हाणीघराच्या दाराशी. मग पुढच्या खोलीत. आणि मग आवाज बंद झाला.

अक्का वाकून बघून आल्या. “फुडच्या दारात बसलीय,” त्या म्हणाल्या. “रस्त्याकडं तोंड करून.”

दाजी उभे राहिले. त्यांच्या कपड्यांना सगळीकडं केस चिकटले होते.

“शालन,” ते म्हणाले, “तो गाऊन काढ.”

“आता कशाला?” अक्का म्हणाल्या. “धुण्यात टाकंल की ती नंतर.”

“आत्ता काढ.”

ते ओरडले नाहीत, पण त्या घरात आल्यापासून त्यांचा एवढा स्पष्ट आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मी तिथंच बटणं सोडली, गाऊन डोक्यावरून काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि आता त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

“अक्का, तू आत जा जरा,” ते म्हणाले.

अक्का आमच्याकडं बघत, भिंतीला धरत धरत आत गेल्या. दारामागंच उभ्या राहिल्या असणार.

दाजी धुण्याच्या दगडावर बसले.

“आप्पांनी विचारल्यावर तू काय म्हणालीस?”

“चालेल म्हणाले.”

“मीपण.”

मी केस गोळा करायला लागले. सुपात भरायला लागले. काहीतरी करायला हवं होतं.

“मला वाटलं, तुझ्या मनात असेल,” ते म्हणाले. “तू नाही म्हणाली नाहीस.”

“मला वाटलं, तुमच्या.”

“माझ्या मनात काही नाही, शालन. ताट वाढलं की मी जेवतो. भोंगा झाला की कामाला जातो. उद्या कुणी सांगितलं, बोहल्यावर उभा राहा, तर राहीन.”  गाऊनची त्यांनी नकळत घडी घातली होती. “मघाशी ती तुझ्या काखेत शिरली ना, तेव्हा मी खाली वाकून कापत होतो. मला फक्त हे निळं कापड दिसत होतं आणि तो वास येत होता. आणि मला बरं वाटलं. पौषापासून पहिल्यांदा बरं वाटलं. मनात म्हटलं, चला, आहे की घरात.”

मी सुपातले केस दाबून बसवले.

“हे रोज होईल,” ते म्हणाले. “तू समोर बसशील आणि मी मान खाली घालून, तुझ्याकडं न बघता, बरं वाटून घेत राहीन. तुला कळणारही नाही. किंवा कळेल. म्हणजे जास्तच वाईट.”

“मला काही वाटलं नसतं, दाजी,” मी म्हणाले. ते खरंच होतं. “मला काहीच वाटत नाहीये. मी गाऊन घातला तेव्हाही नाही.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं असावं.

“मग आप्पांना कोण सांगणार?” ते म्हणाले.

दारामागं अक्कांच्या बांगड्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पा सकाळच्या गाडीनं आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, पिशवीत ओटीचं सामान. आप्पा हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट ते वेळेवर आणि नीट करायचे. दाजींनी त्यांना पाणी दिलं, पाया पडले, आणि उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. फार नीट नाही सांगता आलं त्यांना. मध्येच अडकले. “आप्पा, माझ्याकडून… शालनचं आयुष्य…” असं काहीतरी. आप्पांनी त्यांना हातानं थांबवलं आणि माझ्याकडं वळले.

“तू हो म्हणाली होतीस, बाळ.”

“हो.”

“मग आता?”

“आता नाही म्हणते.”

“काय झालं असं मधे? दिनकरराव काही बोलले का तुला? अक्का बोलल्या?”

“कुणी काही बोललं नाही.”

“मग कारण तर असेल ना.”

मी कारण शोधत होते.  तेवढ्यात अक्काच बोलल्या. रात्रभर त्या झोपल्या नव्हत्या, आणि त्यांचा राग आता वर आला होता. मी त्यांना दोष देत नाही. मोडलेलं घर पुन्हा उभं राहताना त्यांनी बघितलं होतं.

“मी सांगते कारन,” त्या म्हणाल्या. “काल केस कापताना कुत्रं हिच्या मांडीवरनं उठून ग्येलं. बास. त्या कुत्र्यानं वळखलं न्हाई म्हनून ह्यो समदा इस्कोट! आप्पा, कुत्र्याच्या नादानं कुनी लगीन मोडतं का, तुमीच सांगा.”

“तिनं ओळखलं, अक्का,” मी म्हणाले.

 आप्पांनी पुढच्या दाराकडं बघितलं. सावरी तिथं उंबऱ्याला टेकून बसली होती, अंगावर कात्रीच्या पायऱ्या पडलेल्या, मान एवढीशी. त्यांनी तिला आधी ओळखलंच नव्हतं. आत येताना कुणाचंतरी भटकं कुत्रं समजून त्यांनी तिला हाड हाड केलं होतं. ते तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चहाचा कप न पिता तसाच खाली ठेवला आणि मला म्हणाले, “सामान भर.”

निघताना दाजी सावरीला उचलून घेऊन आले.

“हिला ने,” ते म्हणाले. “इथं ती त्या दारातनं हलायची नाही.”

“तुम्हाला एकटं वाटेल.”

“वाटू दे,” ते म्हणाले.

पुढं कसं झालं तेही सांगून टाकते. दाजींनी दोन-तीन वर्षांनी लग्न केलं. इस्लामपूरकडची एक नर्स, पहिला नवरा गेलेली. मी लग्नाला गेले होते. ती मोठ्यानं हसणारी, धसमुसळी बाई आहे, माणिकताईसारखी कशातच नाही, आणि आजही दिवाळीला तिचा फोन येतो. अक्का कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण जाण्याआधी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि माझा हात धरून बसल्या. माझं लग्न उशिरा झालं, माझ्या पसंतीनं. सावरी माझ्याकडंच म्हातारी झाली. तिचे केस पुन्हा आले, आधीइतके मऊ आले नाहीत.

पण हे सगळं आठवलं की मला आठवते ती परतीची एसटी.

कऱ्हाडहून फलटणची गाडी मिळाली. आप्पा खिडकीशी बसले, मी त्यांच्या शेजारी, सावरी टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर. आप्पा माझ्याशी बोलत नव्हते. रागावले होते, की लाज वाटत होती, की आणखी काही, मला सांगता येत नव्हतं आणि मी शोधतही नव्हते. बाहेर सगळं माळरान, ऊन, मधेच एखादं बाभळीचं झाड.

औंधाच्या पुढं कुठंतरी एक बाई चढली. डोक्यावर पाटी, कपाळाला मोठं कुंकू. पाटी पायाशी ठेवून ती पलीकडच्या बाकावर बसली आणि टॉवेलातून बाहेर आलेलं तोंड बघून खळखळून हसली.

“अगं बाई! ह्ये काय केलंय ह्येचं? कुनी भादारलं गं असं?”

“आम्हीच,” मी म्हणाले. “घरीच कापले. जटा झाल्या होत्या.”

“आन् जटा हुईस्तवर बसलाव व्हय नुसतं बगत?” तिनं हात पुढं करून सावरीच्या कपाळावरून बोट फिरवलं. “तुजं हाय का ह्ये?”

“माझ्या बहिणीचं आहे.”

“मग तिला इचारलं का कापायच्या आदी? चिडंल की ती बगून.”

“ती नाहीये,” मी म्हणाले. बाईला कळलं नाही, तिनं भुवया वर केल्या. गाडीचा आवाज फार होता. म्हणून मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं, “ती वारली.”

पौषापासून हे वाक्य मी कधी उच्चारलंच नव्हतं. वेळच आली नव्हती. जो भेटेल त्याला आधीच माहीत असायचं. माणसं मान हलवत यायची आणि मान हलवत जायची, मला कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं. या बाईला माहीत नव्हतं. मी सांगितलं म्हणून तिला कळलं, आणि तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर बदलला. तो बदलताना मी बघत होते आणि माझ्या कानांतलं काहीतरी निघालं. गाडीचा खडखडाट, काचांचा आवाज, मागच्या पोराचं रडणं, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

“आगं माजे माय,” ती म्हणाली. हसू कुठल्या कुठं गेलं होतं. जरा वेळानं तिनं विचारलं, “नाव काय हुतं गं तिचं?”

मी तोंड उघडलं. नाव घशापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं, आणि त्याच्या जागी जे बाहेर आलं त्यानं पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मी सावरीच्या उघड्या मानेवर तोंड दाबलं. तिला हळद-तेलाचा वास येत होता. बाई उठून माझ्याजवळ आली होती, तिचा हात माझ्या डोक्यावर होता, आणि ती पुन्हा पुन्हा विचारत होती, “काय गं नाव? काय हुतं नाव?”

आप्पा खिडकीबाहेर बघत होते. मान न वळवता, वर्गात हजेरी घ्यायचे तशा खणखणीत आवाजात ते म्हणाले, “माणिक.”